मधल्या घराचा कंदील

हसायचं तर आत्ताच हसून घ्या रे पोरांनो, नंतर एकट्यानं अंगणात जायची तुमची छाती होणार नाही. माझ्या आतेभावाच्या बाबतीत घडलेलं आहे हे, गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी. तो भाड्याची जीप चालवतो; तिच्या इंजिनाचा पट्टा बदलायला खाली बाजारात गेला होता. मेकॅनिकनं ‘पाच मिनिटांत देतो’ म्हणत रात्र केली.

तो भाग म्हणजे नुसते उभे डोंगर. माथ्यावर मेंढपाळांची वस्ती, पायथ्याशी शेतकऱ्यांचं गाव, तिथंच दवाखाना. मधल्या वळणावर एकच घर, आतेभावाचं. गडी सडाफटिंग. माथ्यावर फोन लागत नाही, आणि वरची हाक खाली पोचत नाही, खालची वर. म्हणून मधल्या घरानं रात्री अंगणात कंदील लावायचा, हाक आली की ‘ऐकलं!’ म्हणायचं आणि निरोप शब्द न बदलता पुढं द्यायचा. बापजाद्यांपासूनचा नेम.

आदल्या वर्षी माथ्यावरच्या एका मेंढपाळाच्या मेंढरांनी त्याचा वाटाणा फस्त केला, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. चार दिवसांनी रात्री वरून हाक आली. त्याच मेंढपाळाची बायको, दिवस भरलेले, नवरा मेंढरांमागे लांब गेलेला.

“गाडी आणा होऽऽ! ऐकलं काऽऽ?”

यानं ऐकलं. तीनदा ऐकलं. उठला, कंदील विझवला आणि डोक्यावर पांघरूण ओढून घेतलं.

सकाळी ती कड्यापाशी मरून पडलेली सापडली. नवऱ्यानं विचारलं, “तुला हाक नाही आली, दादा?”

“वारा होता रे.”

“मग तुझा काय दोष.”

ते चार शब्द त्याला जन्माचे पुरले. पुन्हा कंदिलाला हात लावला नाही, अंगणात बल्ब टांगला. मेंढपाळाकडून भाडं घेईना. तो बिचारा उतरताना दर वेळी म्हणायचा, “दादा, तुझं भलं होवो,” आणि हा नजर चुकवून गिअर टाकायचा.

तर त्या गुरुवारी पायथ्याच्या पुलावर जीप बंद पडली. नवा पट्टा घालूनही. त्यानं वर पाहिलं. घराला कुलूप, किल्ली याच्या खिशात. अंगणात मात्र उजेड होता. पिवळा. बल्बचा नव्हे.

पान हलत नव्हतं.

“ऐकलं काऽऽ?”

त्यानं काच वर केली.

“ऐकलं काऽऽ?”

बाईचा आवाज. ओळखीचा. त्याच्याच अंगणातून.

तिसरी हाक आली. मग…

काही नाही.

ती थांबली होती… उत्तरासाठी.

तो खाली उतरला. वर्षभर घशात अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. “ऐकलं होतं! त्या रात्री ऐकलं होतं मी!”



आणि मग त्याच आवाजानं, माथ्याकडं तोंड करून, शब्द न बदलता…

“ऐकलं होतंऽऽ! त्या रात्री ऐकलं होतं मीऽऽ!”

उजाडल्यावर तो चालतच घरी गेला. पायरीवर मेंढपाळ बसलेला. डोळे सुजलेले.

“निरोप पोचला,” तो म्हणाला. उठला. चार पावलं जाऊन थांबला. “काल वारा नव्हता, दादा.”

तो डोंगर चढून गेला. पुन्हा कधी जीपमध्ये बसला नाही.

आतेभाऊ अंगणात वळला. खुंटीवरचा कंदील जळत होता. त्यानं काढून हलवून पाहिला. आत तेलाचा थेंब नव्हता.