आनीचा हात

हिंदुराव शेलारांना, म्हणजे गार्गीच्या आबांना, भाऊबीज सोसत नसे. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि घरात कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. यंदा मात्र आबा सकाळीच आंघोळ उरकून, कडक टोपी घालून ओसरीवर येऊन बसले आणि नातीला म्हणाले, "गार्गे, आनीकडं जाऊन येऊ. लई दिस झालं."

गार्गी चक्रावली. आनी म्हणजे आबांची धाकटी बहीण, सदुसष्टच्या कोयनेच्या भूकंपात गेलेली. आबा तेव्हा आठ वर्षांचे होते. हात सुटला, एवढंच ते सांगत.

"आबा, आनीआजी तर भूकंपात गेली ना?"

"कोन म्हनलं? म्या हात सोडलाच न्हाई. ढिगाऱ्यातनं वढून काढली की तिला."

गार्गीला एकदम आठवलं. गेल्याच आठवड्यात शाळेच्या प्रकल्पासाठी तिने आबांच्या कपाळाला स्मृतिपट्टी बांधली होती. इकडच्या वृद्धांच्या भूकंपाच्या आठवणी पट्टीने टिपून जपानमधल्या कोबेच्या शाळेला पाठवायच्या, तिकडच्या इकडे घ्यायच्या. दुसऱ्याची आठवण घटकाभर स्वतःची असल्यासारखी भोगायची, सकाळपर्यंत ती स्वप्नासारखी विरून जायची. ही आठवण मात्र आबांकडे मुक्कामालाच आली होती.

ती तडक प्रकल्प चालवणाऱ्या कुंभार सरांच्या घरी गेली. सरांनी फराळाचं ताट बाजूला सारून नोंदी उघडल्या आणि चूक शोधून काढली. प्रत्येक आठवण एका खूणशब्दाला बांधलेली असते. आबांसाठी गार्गीने मोठ्या हौसेने शब्द निवडला होता, 'आनी'. कोबेच्या फुमिकोबाईंनी तिथल्या भूकंपात मोठ्या भावाला ढिगाऱ्यातून जिवंत ओढून काढलं होतं. त्यांचा खूणशब्दही 'आनी'च. जपानीत आपल्या थोरल्या भावाविषयी बोलताना तसंच म्हणतात. यंत्राने अर्थ पाहिला नाही, नुसता आवाज ऐकला आणि दोन्ही आठवणींची अदलाबदल करून टाकली.

"मग आबांची आठवण त्या बाईंकडे गेली?"

सरांनी फुमिकोबाईंच्या नातीचा निरोप वाचून दाखवला. आजी रात्रंदिवस रडते. हातातून भावाचा हात सुटला म्हणते. तो बिचारा शेजारीच बसून तिला चहा देतो, तर ती त्याला ओळखत नाही.

गार्गीला रडू कोसळलं. हौस तिची आणि भोग दोन म्हाताऱ्या जिवांना. सर म्हणाले, उलटवता येईल. दोघांनी पुन्हा पट्टी लावून आपापली खरी आठवण मागायची. तिकडे तयारी आहे. पण माणसाला अंधारात ठेवून पट्टी लावायची नाही, आधी त्याला खरं काय ते सांगायचं.

म्हणजे आनी मेली हे आबांना तिनेच सांगायचं होतं. जन्मभराचं ओझं उतरलेलं माणूस, त्याच्या डोक्यावर ते पुन्हा आपल्या हाताने ठेवायचं. आणि नाही ठेवलं तर तिकडे जिवंत भावाचं सुतक चालूच राहणार.

पट्टी ओढणीत लपवून ती घरी आली. आबा अजून ओसरीवरच होते, मांडीवर साडीचोळीची पिशवी घेऊन. त्यांचा चेहरा कोड्यात पडल्यासारखा दिसत होता.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "समदं आठवतंय बघ. धूळ, तिचं रडनं, तिचा हात. फकस्त तिला कुठल्या गावात दिली, तेवढं ध्यानात येईना. तुला ठावं हाय का गं?"