धूर छातीत घ्यायचा नसतो

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण हसू नका.

मागच्या हिवाळ्यात ताईला सिगारच्या दुकानात नोकरी लागली. आमच्या घरात कुणी साधी बिडीसुद्धा ओढलेली नाही. मालकांनी तिच्या हातात नवशिक्यांसाठीचं एक जाडजूड पुस्तक ठेवलं.

"हे पाठ पाहिजे. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

दाजी घरी बसलेले. ताई इरेला पेटली.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. दुकानामागे सिगार ठेवायची दमट, काचेची खोली होती. ताई तिथे बसून मोठ्याने वाचायची. सिगार कापायची कुठे, पेटवायची कशी...

त्या दुपारी तिने वाचलं, "धूर छातीत घ्यायचा नसतो. तोंडातच घोळवून सोडायचा."

आणि तिच्या मागे...

कुणीतरी खोल श्वास ओढला.

सावकाश. पार छातीच्या तळापर्यंत.

तिने वळून पाहिलं. मागे नुसती खोकी.

श्वास सोडल्याचा आवाज मात्र आलाच नाही.

तिने मालकांना सांगितलं. ते गल्ल्यावरून उठलेही नाहीत.

"ते पान मनातल्या मनात वाचायचं," एवढंच म्हणाले.

"म्हणजे? कोण असतं तिथे?"

मालकांनी विषय बदलला.

मग ताईला खोकला लागला. काही केल्या थांबेना. मीच तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला.

"किती वर्षं ओढताय?"

"कधीच नाही," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिला म्हणाले, "यांच्यापासून लपवत असाल, तर यांना बाहेर बसवतो. पण हे एका-दोन वर्षांचं काम नाही."

ताईला रडू फुटलं. त्याच दिवशी मी तिला नोकरी सोडायला लावली. खोकला थांबला. सुटलो, असं वाटलं.

परवा दुपारी ती माझ्याकडे आली होती. जेवून पलंगावर आडवी झाली. मी शेजारी भाजी निवडत होते.

झोपेत तिने खोल श्वास घेतला. छाती वर आली...

वरच राहिली.

मी तिला हलवणार, तेवढ्यात श्वास सुटल्याचा आवाज आला. लांब. तृप्त.

ताईची छाती अजून वरच होती.

आवाज माझ्या मानेमागून आला होता.

मी वळले नाही. ताईला गदागदा हलवलं. ती दचकून उठली.

"काय गं? अशी काय बघतेस?"

"काही नाही. चहा टाकते," मी म्हणाले.

तिला अजून सांगितलेलं नाही. दाजींना फोन करून एवढंच म्हटलं, तिला एकटीला झोपू देऊ नका.

का, ते त्यांनी विचारलं नाही. "रात्री मीही ऐकलंय," म्हणाले.