कळपाचं औषध

गिरणीला गुरुवारची सुट्टी. बुधवारची पाळी सुटली की बिरप्पा अंगावरचा कापूस झटकायचा, सायकलला पिशवी अडकवायचा आणि अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीला आईकडं निघायचा. पिशवीत आईला पान-तंबाखू, धाकट्या भावाला, सिदूला, शेव-चिवडा. गेल्या पावसाळ्यापासून त्यात गोळ्यांची पुडी वाढली होती.

धनगराच्या घरातला हा पहिला साचेवाला, गिरणीत माग चालवणारा. रोज वर्तमानपत्र वाचायचा, युनियनच्या सभेत पहिल्या रांगेत बसायचा, आणि अंगात येणं, भानामती असलं काही निघालं की मोठ्यानं हसायचा. सिदूचं झालं तेव्हा आई म्हाळसाबाई देवऋष्याकडं निघाली होती. बिरप्पानं तिला दारातच अडवलं. ‘माझ्या भावाला लिंबू-मिरचीनं बरा करायचा न्हाय,’ एवढं बोलून तो सिदूला सायकलवर बसवून सोलापूरला घेऊन आला होता.

सिदूचं झालं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामं निघाली, तेव्हा त्यांच्या वस्तीमागच्या माळावर खडीसाठी खाण खोदली गेली. पाऊस आला, कामं बंद पडली, खाण तशीच उघडी राहिली. तिला ना कठडा, ना कुंपण. तीन वर्षं झाली तरी तिच्या काठावर कुसळसुद्धा उगवलं नव्हतं. एका संध्याकाळी दिवेलागणीला सिदू भाकरी खाता खाता उठला, ‘आलो’ म्हणाला आणि सरळ त्या खाणीकडं चालू लागला. आईनं धावत जाऊन धरला. दुसऱ्या खेपेला तिला उशीर झाला. नशीब बलवत्तर म्हणून तो खाली पडताना खाणीच्या मधल्या टप्प्यावर अडकला आणि खांद्याच्या हाडावर निभावलं.

“कोण बोलवतंय तुला?” बिरप्पानं विचारलं होतं.

“नाव घेत्यात की,” सिदू म्हणाला. “बाईमाणूस न्हाय, गडी न्हाय. नुसतं माजं नाव.”

डॉक्टर समजूतदार भेटले. त्यांनी बिरप्पाला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. मेंदूत निरोप पोचवणारं एक द्रव्य असतं. ते प्रमाणाबाहेर वाढलं की बाहेर कुणी बोललेलं नसतानाही आत निरोप पोचतो. गोळी ती वाट अडवते. “पण एक लक्षात ठेवा,” ते म्हणाले, “हातापायांच्या हालचालीचे निरोपही तसल्याच वाटेनं जातात. गोळी काही खरा-खोटा निरोप ओळखून अडवत नाही. हात कापतील, अंग ताठेल, तोंडातून लाळ येईल, ऊन सोसणार नाही. त्याला घाबरून गोळी मात्र बंद करायची नाही.”

बिरप्पाला हे पटलं. साचा बिघडला की तोही असाच कुठं काय अडलंय ते बघायचा.

महिन्याभरात हाक बंद झाली. दिवेलागणीला सिदू जागचा हलेनासा झाला. पण तो आता वेगळाच झाला होता. चालताना हात हलत नसत, पावलं भुईला घासत येत. लोकर कातरायची कात्री धरली की बोटं थरथरायची, आणि एकदा घट्ट मिटलेली मूठ लवकर उघडत नसे. हनुवटीवर सतत ओल. जन्म उन्हात काढलेल्या त्या पोराची कातडी आता तासाभराच्या उन्हानं लाल होऊन सोलायची. बिरप्पाला रडू यायचं. तरी तो मनाला बजावायचा, खाणीच्या तळाशी असण्यापेक्षा हे बरं.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी आईनं चहाची कपबशी पुढं केली आणि कप बशीवर किणकिणला. तिचा हात कापत होता. वय झालं, बिरप्पाला वाटलं. पुढच्या खेपेला सकाळी ती विहिरीवरून घागर घेऊन येताना दिसली. तिचा मोकळा हात जराही हलत नव्हता. पावलं भुईला घासत होती.

त्या खेपेला काळ्याही भुंकला नाही. एरवी सायकल ओळखूनसुद्धा अर्धा फर्लांग भुंकत येणारं ते कुत्रं दारात पडून राहिलं, नुसते डोळे वर केले. त्याच्या तोंडाखाली भुई भिजली होती.

बिरप्पा मागं गेला. दुष्काळातून वाचलेली दहा-बारा मेंढरं जाळीच्या वाघुरीत उभी होती. एकही रवंथ करत नव्हतं. माना खाली, सगळी गपगार. त्यानं एकीच्या पाठीवर थाप मारली. तिनं मान वळवली, पण इतक्या सावकाश की त्याला हात मागं घ्यावासा वाटला.

“आये,” तो चुलीपाशी येऊन म्हणाला, “सिदूच्या गोळ्या कुणाकुणाला देतीस?”

म्हाळसाबाईनं लपवाछपवी केली नाही. “समद्यांना. ताकात कुटून घालती. मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत बी टाकती.”

“आणि एवढ्या आणतीस कुटनं?”

“डागदरची तीच चिठ्ठी दावती की दुकानात. देतंय त्यो.”

“अगं, पण आजारी सिदू हाय!”

आईनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू गिरणीत राहून हा धनगरकी पार विसरला होता. “एकीला रोग लागला तर एकीलाच पाजत्यात व्हय? समद्या मेंढरांना पाजायचं. तुजा बाप ह्येच करायचा. त्याची एक मेंढी कवा रोगानं गेली न्हाय.”

“ह्यो लागट रोग न्हाय, आये.”

तिनं जाळात लाकूड सारलं. मग म्हणाली, “सिदू पैला उठला, एवढंच. हाक आमाला समद्यास्नी येत व्हती.”

बिरप्पाच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याचाच त्याला राग आला. त्या रागात त्यानं ताकाचं भांडं उकिरड्यावर ओतलं, डोण धुऊन काढली, चिठ्ठी खिशात घातली. आईनं अडवलं नाही.

“तुला कसं न्हाय दिलं त्ये इच्यार की,” ती म्हणाली. “तू हितं रातचा येतूस अन् दिस मावळायच्या आत जातूस. दिवेलागणीची हाक तुला काय ठाव?”

सोलापूरला डॉक्टरांनी हे ऐकून आधी कपाळाला हात लावला, मग हसले. एवढ्याशा गोळ्यांनी मेंढरांना काही होत नाही, म्हणाले. आईचं औषध थांबवलंत ते बरं केलंत, चार-आठ दिवसांत कंप जाईल. राहता राहिलं हाकेचं, तर घरातला एक जण रोज तेच तेच बोलू लागला की बाकीच्यांनाही तसं वाटायला लागतं, हे त्यांनी पुष्कळ घरांत पाहिलं होतं. “सिदूचं मात्र चालू ठेवा,” त्यांनी पुन्हा बजावलं.

पुढच्या बुधवारी बिरप्पा गेला तेव्हा काळ्या भुंकत रस्त्यापर्यंत आला. आईचा हात स्थिर होता. मेंढरं रवंथ करत होती, कोकरं ढुशा मारत होती. सिदूला त्यानं आपल्या हातानं गोळी दिली आणि जीभ उचलायला लावून गिळल्याची खात्री केली. किती दिवसांनी घर घरासारखं वाटलं. गुरुवारी दुपारी तो निघणार होता. पण आईनं हुलग्याचं माडगं करते म्हटलं, आणि तोही म्हणाला, राहतो. पहाटे उठून परस्पर पाळीवर जाईन.

दिवस मावळला. अंगणात बाजेवर बिरप्पा, शेजारी गोळीच्या त्रासानं पाय सारखे मागंपुढं हलवत सिदू. आई चुलीपाशी. रस्त्यावरनं एक ट्रक गेला आणि त्याचा आवाज अक्कलकोटच्या बाजूला विरत गेला.

काळ्या कशावर तरी भुंकत होता. भुंकता भुंकता मध्येच थांबला.

वाघुरीतली मेंढरं उभी राहिली. सगळ्यांची तोंडं माळाकडं. बिरप्पानंही तिकडं कान दिला. वाराही नव्हता.

“आये, मेंढरं बघ गं,” तो म्हणाला.

आईनं पदराला हात पुसले. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, रोज ओढायची तसं. “आली, आली,” ती म्हणाली, आणि अंगणातून खाली उतरली.

जाळी कधी पडली ते त्याला कळलं नाही. मेंढरं तिच्या दोन्ही अंगांनी निघाली. एक घुंगूर वाजलं नाही, एक कोकरू ओरडलं नाही.

बिरप्पा उठला. तिला माघारी आणायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. ती फार लांब नव्हती. धावायची त्याला गरज वाटली नाही. माळ पायाखाली मऊ लागत होता. अंधारात मेंढरांच्या पाठी पांढुरक्या दिसत होत्या, मग थोड्या कमी दिसू लागल्या, मग दिसेनाशा झाल्या.

मागून कुणीतरी त्याचा सदरा धरला.

सिदू होता. धापा टाकत होता. पाय घासत त्यानं तो सगळा माळ कसा पार केला होता, कोण जाणे.

“दादा, कुटं निगालास?”

“आयला आणाय.”

“मग मगाधरनं आलो आलो कुणाला म्हंतुयास?”

बिरप्पानं खाली बघितलं. त्याच्या चपलेचं पुढचं टोक कातळाच्या बाहेर होतं. त्यापुढं काही नव्हतं.

तो काठावर बसला आणि त्यानं कान दिला. मेंढरं पडल्याचा आवाज आला नव्हता. एकाचाही नाही.

मग खालून आवाज आला. स्वच्छ, जवळून, आईचा.

“बिरा, हात दे रं.”

“आय हाय,” तो ओरडला. “जित्ती हाय! सिदू, सोड मला. मदल्या टप्प्यावर हाय ती, तुज्यावानी.”

त्यानं हिसडा दिला. सदरा टरकला, पण मूठ सुटली नाही. तो एकेक बोट उचकटायला लागला. बोटं लाकडासारखी ताठली होती.

“सोड रं. आय हाक मारतीया. ऐक की.”

सिदूनं मान कलती केली. बराच वेळ ऐकलं. हनुवटीवरची लाळ त्यानं दुसऱ्या हातानं पुसली.

“मला काय ऐकू येत न्हाय, दादा.”

बिरप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. गोळी त्यानं स्वतःच्या हातानं दिली होती, जिभेखाली बघून. खरा-खोटा निरोप न ओळखणारी गोळी.

खालून आईनं परत हाक मारली. या वेळी तिनं सिदूचं नाव घेतलं. सिदूची पापणीही हलली नाही.