झोका निघाला घाटात!

“झोका पळाला! आपला झोका पळाला!”

शेपूट इतक्या जोरात ओरडत घरात शिरला की टिचकीच्या हातातला कुंचला घसरला आणि फलकावरच्या ‘विजयी व्हा’मधल्या ‘व्हा’ला भलीमोठी मिशी फुटली.

“झोक्याला पाय असतात का रे?” टिचकी वैतागली.

“नसतात. पण नाहीये तो! शपथ!”

शेपूट म्हणजे टिचकीचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे तो मागे, म्हणून हे नाव. फलकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता तो मावसभाऊ, प्रोफेसर. जाड भिंगांचा चष्मा आणि कोणी न विचारता माहिती देण्याची खोड, एवढ्यावर त्याने ही पदवी कमावली होती. तिघेही सुट्टीसाठी मामाकडे आले होते, आणि आज मामाकडे सकाळपासून नुसती लगीनघाई होती. मामाची लेक, म्हणजे ताई, शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कर्णधार. दुपारी घाटापलीकडच्या शहरात अंतिम सामना. मामी खेळाच्या शिक्षिका आणि याच संघाच्या प्रशिक्षक. संघाला नेणार मामा, त्याच्या व्हॅनमधून. आणि हे तिघे जाणार ओरडायला!

पण आधी झोका. तिघेही धावत परसात गेले. झाडाला दोर होता, दोराला टायर नव्हता.

“दोर कापलेला नाही, गाठ सोडलीय,” प्रोफेसर चष्मा सावरत म्हणाला. “म्हणजे चोर घाईत नव्हता.”

“शेजारचे खेकसकाका!” शेपटाने निकाल देऊन टाकला. “आपण झोक्यावर बसलो की खेकसतात ते.”

टिचकी मात्र खाली बघत होती. नळापाशी चिखल होता आणि चिखलात टायरच्या नक्षीचा लांबलचक पट्टा उमटला होता. कोणीतरी टायर घरंगळत नेला होता! पट्टा फाटकाबाहेर पडला, खेकसकाकांच्या दाराकडे ढुंकूनही न बघता पुढे गेला आणि पुसट होत होत गल्लीच्या कोपऱ्यावर संपला. समोर हवाशेठचं टायरचं दुकान होतं. दारात जॅकवर एक बाजू उचलून मामाची व्हॅन उभी होती.

हवाशेठ गोल, गोड आणि घामाघूम माणूस होता. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. कोणी बैलगाडीचं चाक घेऊन आलं असतं, तरी तो म्हणाला असता, “काळजीच सोडा!” या स्वभावामुळे त्याचं दुकान चालायचं. आणि याच स्वभावामुळे आज सगळा घोळ झाला होता, पण ते अजून कुणाला कळलेलं नव्हतं.

“काळजीच सोडा, पोरांनो! गाडी तयार!” असं म्हणून हवाशेठ जॅक उतरवायला लागला.

कॉम्प्रेसर धडधडत होता. जमिनीवर पान्हे, रबराच्या पट्ट्या आणि काळ्या पाण्याची टाकी. टिचकी व्हॅनला वळसा घालून मागच्या डाव्या चाकापाशी आली. चाक काळंकुळकुळीत, चकाचक होतं. इतकं चकचकीत की बाकीची तीन चाकं त्याचे आजोबा वाटावीत! रस्त्याला टेकणाऱ्या भागात भोकं बुजवायला खुपसलेल्या रबराच्या पट्ट्यांची तीन शेपटं ओळीने बाहेर डोकावत होती.

“प्रोफेसर, इकडे ये!”

प्रोफेसर वाकला आणि त्याचा चष्मा नाकावर घसरला. “ही भोकं मी पाडलीत! झोक्यात पावसाचं पाणी साचू नये म्हणून! मामाच्या ड्रिलने!”

“आपला झोका गाडीला लावलाय?” शेपटाचे डोळे वाटोळे झाले.

व्हॅनचाच हा जुना टायर झाडावर का आला, ते टिचकीला चांगलं आठवत होतं. कुठलीशी सळई त्याच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे टायरच्या गालात, घुसली होती, म्हणून मामींनी तो बाद करायला लावला होता. तिने चाकाच्या गालावर बोट फिरवलं. काळ्या रंगाखाली गोल खरखरीत डाग लागला.

प्रोफेसर एव्हाना दुकानात शिरला होता. भिंतीवर टायर कंपनीचा मोठा तक्ता होता आणि त्याच्या निम्म्या भागावर हवाशेठने खुशाल टॉवेल वाळत घातला होता. प्रोफेसरने टॉवेल उचलला. तक्त्यावर टायरचं चित्र होतं. मधला पट्टा हिरवा, दोन्ही कडा आणि गाल लाल. त्याने मोठ्याने वाचलं, “हिरव्या भागातलं बारीक छिद्र, टायर उतरवून आतून दुरुस्त करता येतं. लाल भागाची दुरुस्ती नाही. असा टायर बाद. बाद टायर रस्त्यावर चालवणे नियमाविरुद्ध आहे.”

“म्हणजे लाल भागाचा नियम बरोब्बर टॉवेलाखाली!” टिचकी म्हणाली.

“अरे, कंपन्या लिहितातच असं,” हवाशेठ हसला, पण टॉवेल मात्र घाईघाईने खांद्यावर घेतला. “गालाचं भोक मुंगीएवढं होतं. आतून ठिगळ मारलंय. खरा आजारी तो बघा, तो कोपऱ्यातला. केवढा खिळा! तो गेलाच.”

कोपऱ्यात कालपर्यंत व्हॅनला असलेला टायर पडला होता. बरोब्बर मधोमध एक जाडजूड डोक्याचा खिळा रुतून बसला होता. हिरव्या भागात! प्रोफेसरने टिचकीकडे बघितलं, टिचकीने प्रोफेसरकडे. जो टायर बरा होण्यासारखा होता तो अडगळीत, आणि जो बाद होता तो गाडीखाली! खिळ्याचं डोकं बघून हवाशेठ घाबरला होता आणि भोक लहान बघून भुलला होता.

तेवढ्यात मामा आला. टिचकीने एका दमात सगळं सांगितलं. मामा आधी कान खाजवू लागला.

“झोका मीच नेला गं. नवीन टायर परवा येणार, स्टेपनी आधीच वापरलेली, आणि सामना आज. संध्याकाळी आणून परत टांगणार होतो ना!”

“पण मामा, घाट आहे! गाडीत सगळ्या मुली असणार!”

“हे बघ, मी स्टिअरिंग धरलं तेव्हा तुझी आईसुद्धा फ्रॉक घालत होती. मला शिकवू नकोस. जा, पिशव्या आणायला मदत कर.”

गेटपाशी ताई भेटली. टिचकीचा चेहरा बघूनच तिला वास आला. “काय झालं? गाडीचं काही?” टिचकी अडखळत बोलू लागली, तशी ताई लाल झाली. “आम्ही वेळेवर पोचलो नाही तर समोरचा संघ न खेळता जिंकतो, माहीत आहे? वर्षभर घाम गाळलाय आम्ही! आज तुझ्यामुळे सामना बुडाला ना, तर तुझं तोंड बघणार नाही.”

टिचकीला रडू फुटणार होतं. गप्प बसलं असतं तर ताई खूश, मामा खूश, सगळा गाव खूश. पण तिच्या बोटाला तो खरखरीत डाग अजून जाणवत होता. तिने नाक पुसलं आणि प्रोफेसरला बाजूला ओढलं.

“मोठ्यांना तक्ता दाखवून उपयोग नाही. त्यांच्याच तोंडून काढायला हवं.”

“कसं?”

“हवाशेठची लेक संघात आहे ना?”

प्रोफेसर आयुष्यात पहिल्यांदाच माहिती न देता नुसता हसला.

थोड्या वेळाने दुकानासमोर संघ जमला. निळे गणवेश, पिशव्या, चेंडूंची जाळी, आणि कलकलाट असा की कॉम्प्रेसर लाजावा. मामी मुली मोजत होत्या. हवाशेठ लेकीसाठी पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

“मामी, कोण कुठे बसणार ते मी सांगू? म्हणजे भांडणं नकोत,” टिचकी गोड आवाजात म्हणाली.

“सांग बाई, तेवढंच माझं काम कमी.”

टिचकीने एकेकीला जागा वाटल्या. मग हवाशेठच्या लेकीकडे वळली. “आणि तू मागे, डावीकडे. खिडकीची जागा! अगदी नव्या केलेल्या टायरच्या वर!”

“हो!” ती पोरगी उडी मारून चढायला निघाली.

“नको!” हवाशेठ ओरडला. बाटली त्याच्या हातातून निसटली. “तिथे नको! तिला... तिला पुढे बसवा. उजवीकडे बसवा. कुठेही बसवा!”

कलकलाट थांबला. मामा किल्ली फिरवायच्या बेतात होता, तो खाली उतरला.

“का रे? तिथे का नको?”

“नाही म्हणजे... तिला गाडी लागते...”

“बाबा, मला कुठे गाडी लागते?” लेक म्हणाली.

“मग मी बसते तिथे,” टिचकी म्हणाली. “काळजीच सोडा, नाही का हवाशेठ?”

हवाशेठच्या कपाळावरून घामाची धार लागली. त्याने लेकीकडे बघितलं, टिचकीकडे बघितलं, आणि मटकन टायरांच्या ढिगावर बसला. “कोणीच बसू नका,” तो पुटपुटला. “गालाचं ठिगळ आहे ते. घाटात तापलं, तर मला भरवसा नाही. नाही म्हणवलं नाही हो माझ्याच्याने.”

मामा गुडघ्यावर बसला आणि चाकाच्या गालावरून हात फिरवू लागला. त्याचा हात मध्येच थांबला. ठिगळाच्या जागी लिंबाएवढा फुगवटा आला होता! गाडी अजून जागची हललीही नव्हती. मामाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने व्हॅनमध्ये चढलेल्या मुलींकडे एकदा बघितलं आणि जड आवाजात म्हणाला, “सगळ्या खाली उतरा.”

“मग सामना?” ताईचा आवाज फाटला.

“सामना होणार!” प्रोफेसर गरजला. इतका वेळ तोंड मिटून बसल्याने त्याचं पोट फुगलं होतं. “तो खिळ्याचा टायर! खिळा हिरव्या भागात आहे! मामा, हवा गेल्यावर गाडी किती चालवलीस?”

“चालवली कुठे? फस्स झालं तशी जागीच, या दुकानासमोर, उभी केली.”

“मग आतून चिरडलाही नसेल! उतरवून बघा तर!”

हवाशेठ उठला. आता त्याच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. फुगवट्याचा टायर रिमवरून उतरला, खिळ्याचा समोर आला. पक्कडीने खिळा निघाला. डोकं तेवढं दांडगं, दांडा पेन्सिलीपेक्षाही बारीक! हवाशेठने दिवा धरून टायर आतून तपासला, मामाने तपासला, मामींनी दोघांवर विश्वास न ठेवता स्वतः तपासला. आतली बाजू धडधाकट होती. मग भोक साफ झालं, आतला भाग घासला गेला, आणि छत्रीच्या आकाराचं ठिगळ आतून बसलं, दांडा भोकात, छत्री आतल्या बाजूला.

हवा भरून चाक टाकीत बुडवलं. सगळा संघ टाकीभोवती वाकला.

“बुडबुडा?” मामींनी विचारलं.

“नाही!” शेपूट ओरडला.

चाक फिरवलं. पुन्हा सगळ्यांनी श्वास रोखले.

“एकही नाही! हुर्रे!”

व्हॅन निघाली तेव्हा उशीर झाला होता, पण मामाने घाटात घाई केली नाही. “उशीर झाला तर पाया पडेन पंचांच्या, पण वळणावर वेग नाही,” तो म्हणाला. मुली गात होत्या आणि मागे डाव्या खिडकीशी हवाशेठची लेक सगळ्यांत मोठ्याने गात होती.

पंचांनी शिट्टी तोंडात धरली होती, तेव्हा संघ धावत मैदानात शिरला. पहिला सेट गेला. दुसरा ओढून आणला. तिसऱ्यात ताईने जाळीवर अशी काही उडी घेतली आणि असा काही फटका हाणला की समोरच्या मुलींना चेंडू दिसलाच नाही. मिशीवाला फलक नाचवता नाचवता शेपटाचा घसा बसला.

चषक मिळाल्यावर मामींनी सगळ्यांना गोल उभं केलं. “आज आपण दोन सामने जिंकलो,” त्या म्हणाल्या. “दुसरा ताईने जिंकून दिला. पहिला या तिघांनी. तो हरलो असतो तर दुसरा झालाच नसता.”

मामा पुढे आला. मामाला माफी मागताना कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे टक लावून बघत होते. “मी चुकलो,” तो सरळ म्हणाला. “पोरगी बरोबर सांगत होती आणि मी तिला पिशव्या उचलायला पाठवलं. पुन्हा असं व्हायचं नाही.”

टिचकीला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात ताई गर्दीतून आली. घामाने निथळत होती आणि डोळे भरलेले होते. तिने टिचकीला कडकडून मिठी मारली.

“मी तोंड बघणार नाही म्हणाले होते तुला,” ती म्हणाली. “तरी सांगितलंस?”

“तू गाडीत बसणार होतीस ना,” टिचकी म्हणाली.

ताईने चषक टिचकीच्या हातात दिला, तिला खांद्यावर उचललं, आणि अख्खा संघ आरडाओरडा करत दोघींना घेऊन मैदानाला फेरी मारायला निघाला.