गाऱ्हाणं घातलेली गाडी

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही. हे माझ्या मावसभावाच्या, सौरभच्या घरात घडलंय. वाकोला, तळमजला, मागच्या वर्षीची दसऱ्याची संध्याकाळ.

सौरभकडे एक जुनी स्पोर्ट्स सेदान होती. खाली दाबलेली, रुंद टायरांची, आणि सायलेन्सर असा बदलून घेतलेला की गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की मावशी पोळ्यांचा तवा तापत ठेवायची.

ती गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा सौरभच्या वडिलांनी, चंद्रप्रकाश काकांनी, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. आम्ही कोकणातली माणसं. घरात काही नवं आलं की गावच्या राखणदार देवाला हाक मारून त्याच्या हवाली करतो. काकांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

“बा राखणदारा महाराजा, ह्या गाडयेत जो कोण बसात, तेका खंयसूनय ह्याच दारात परत हाड रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” आम्ही सगळे ओरडलो. मीही ओरडलो.

पुढे काकांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसभर खिडकीशी बसून असायचे. संध्याकाळी त्या सायलेन्सरचा आवाज आला की तेवढे हसायचे.

मागच्या वर्षी पावसाळ्यात सौरभच्या बायकोला, मानसीला, दिवस गेले. जुनी गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासायची, एअरबॅगचा तर पत्ताच नाही. सौरभने एक नवी सेदान हेरून ठेवली होती. तीही स्पोर्ट्स, सहा एअरबॅग, पण आवाज म्हणाल तर फ्रीजइतका. सोसायटीत पार्किंग एकच. त्यामुळे एकीला घ्यायचं तर दुसरीला घालवायचं. महिनाभर त्याचं तळ्यात-मळ्यात चाललं. सकाळी जुनीला पुसत बसायचा आणि जेवताना नवीचे व्हिडिओ बघायचा. मी त्याला चिडवायचो, की दोन बायकांचा दादला झालायस.

शेवटी मानसीच वैतागली.

“तुझं ठरेपर्यंत मी रिक्षाने फिरते,” ती म्हणाली. “पण त्या डब्यात माझं बाळ बसणार नाही.”

विषय मिटला.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. चेंबूरचा प्रितम, पंचविशीतला, गाड्यांचा वेडा. बोनेटवर हात ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. सौरभला बरं वाटलं, गाडी चांगल्या घरी चाललीय.

चावी द्यायच्या वेळी मात्र काकांनी डाव्या हाताने सौरभचं मनगट धरलं.

सोडेचनात.

तोंडातून फक्त “हां... हां...” येत होतं. म्हाताऱ्याचा गाडीत जीव अडकलाय, असं सगळ्यांना वाटलं. सौरभने हळूच त्यांची बोटं सोडवली आणि चावी प्रितमच्या हातात ठेवली.

दसऱ्याला नवी गाडी आली. मावशीने ओवाळलं, झेंडूचा हार घातला. दिवेलागणीला सगळे आत येऊन बसले होते. आणि...

गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला.

जुन्या गाडीचा.

काका हसले नाहीत.

आवाज गेटातून आत आला, पार्किंगपाशी थांबला. इंजिन बंद झालं. गाडीचं दार उघडून लागलं. मग पावलं... सावकाश आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

बेल वाजली नाही.

प्रितम सणाचा भेटायला आला असेल, असं वाटून सौरभने हसतच दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. पार्किंगमध्ये नवी गाडी तेवढी उभी होती. पेट्रोलचा वास मात्र भसकन अंगावर आला.

त्याने प्रितमला फोन लावला. फोन एका बाईने उचलला, ती रडत होती. दुपारी घोडबंदर रोडवर टँकरने गाडी चिरडली होती. प्रितम जागेवरच गेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला... पुन्हा तोच आवाज. तीच पावलं.

तिसऱ्या दिवशीही.

तेव्हा मावशीला काकांचे शब्द आठवले. जो बसेल त्याला कुठूनही याच दारात आण.

“गाडी देताना राखणदाराला मोकळं करायचं असतं,” ती म्हणाली. “तुझे बाबा तेच सांगत होते रे.”

गावी गुरवाला फोन केला. तो म्हणाला, ज्याच्या तोंडचं गाऱ्हाणं, त्यानेच ते परत घ्यायचं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. काका रोज प्रयत्न करतात. पावलं थांबली की डावा हात छातीशी नेतात, ओठ हलवतात, घामाघूम होतात. “हां...”च्या पुढे शब्द जात नाही. मग लहान मुलासारखे रडतात.

महिनाभराने सौरभ चेंबूरला प्रितमच्या आईकडे गेला. शकुबाई एकट्याच होत्या. घराचं दार सताड उघडं. चोरीमारीचे दिवस आहेत, दार लावत जा, असं तो म्हणाला.

“गेलेलं माणूस परत येतं, हे आम्ही काही मानत नाही, बाळा,” त्या म्हणाल्या. “पण लावायला हात धजत नाही. इतके दिवस झाले, साधी चाहूलसुद्धा नाही रे त्याची. एकदा तरी आपल्या घरी येईल ना?”

सौरभ तसाच उठला. जिन्यात बसून तो पोटभर रडला.

मानसी बाळंतपणाला बोरिवलीला माहेरी गेली, मुलगी झाली तरी ती परतलेली नाही. त्या जुन्या गाडीत तीही बसलीय. सौरभ हल्ली दिवेलागणीला दार उघडंच ठेवतो. पावलं उंबऱ्याशी येतात... आत येत नाहीत. घर प्रितमचं नाही ना.

मी तिथे जायचं टाळतो. पण त्या गाडीत मी किती वेळा बसलोय, मलाच ठाऊक नाही.

माझं घर मुलुंडला आहे. उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर माझी आई तिथलं दार उघडं ठेवून बसेल.