नव्वदावर अडलेला गुडघा

एक्स-रेची खोली शेजारी. तो कुबड्या टेकत चुकून माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत शिरला. लांब उडीचा खेळाडू, वय बावीस, वाळूत पडताना गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे.

"पुढचं दार," मी म्हणाले.

"इथंच बरं आहे की..."

असले पेशंट मला नवे नाहीत. मी हसले नाही.

वाटी तारेने बांधली गेली, हाड जुळलं आणि तो खरंच माझ्याकडे आला. माझं काम सरळ: गुडघा वाकवायचा, कोनमापक लावून अंश मोजायचे, वहीत लिहायचे. निवड चाचणी चार महिन्यांवर होती आणि एकशे तीस अंश झाल्याशिवाय सर्जन त्याला मैदानावर सोडणार नव्हते.

तीस, पन्नास, सत्तर... नव्वदावर गाडी अडली. तीन आठवडे नव्वदच. मी जरा दाबलं की तो डोळे मिटून "दुखतंय" म्हणायचा आणि मी हात काढून घ्यायचे. हात काढताना जिवावर यायचं — हे मी वहीत लिहिलं नाही. शेवटी सर्जन म्हणाले, भूल देऊन वाकवावा लागेल.

सोमवारी माझं पेन टेबलाखाली घरंगळलं. तो पटकन उकिडवा बसला, पेन काढून माझ्यापुढे धरलं, आणि मग गुडघा पुरता वाकलेला, तसाच बसून राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले दोन आठवडे... गुडघा बरा झाला की तुम्ही कुठे भेटणार होता?"

"आणि चाचणी?"

"ती पुढच्या वर्षीही असते. तुम्ही —"

मी भडकले. इतके दिवस मी माझ्याच हातांना दोष देत होते. कोनमापक लावला, वहीत एकशे पस्तीस लिहिलं, सर्जनना फोन करून भूल रद्द करवली, मैदानाची परवानगी घेतली, पुढच्या सरावाची चिठ्ठी त्याच्या प्रशिक्षकांच्या नावे लिहिली आणि त्याला सांगितलं, उद्यापासून इथं यायचं नाही. त्याचा चेहरा पडला. तो दारापर्यंत गेला.

"ऐका," मी म्हणाले. "आता तुम्ही माझे पेशंट नाही. म्हणून सांगते... मलाही तुमची वाट बघायची सवय लागली आहे. सहाला सुटल्यावर मी मैदानाच्या कडेनं घरी जाते. उडी मारताना दिसलात, तरच थांबेन."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तो मैदानावर होता. उडी कुठली, प्रशिक्षकांनी नुसतं चालायला लावलं होतं.

मी थांबले.