केळझरच्या आभाळातली तिसरी हाक

हे घडलेलं आहे. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत... आणि माझ्या या उजव्या हातानं.

पुतणी कांता लिहून घेते आहे. ती म्हणते, काकू, लोक विश्वास ठेवणार नाहीत. न ठेवोत बापडे. नव्वदीत खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

साल १९५६. गाव केळझर, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं. पितृपंधरवडा चालू होता, आणि त्या पहाटे आभाळ गच्च भरलेलं होतं.

माझे मालक वासुदेवराव विमानावर होते. को-पायलट. तेव्हा टपालाची विमानं चारी दिशांनी रात्री नागपूरला यायची, टपाल आणि उतारू बदलून पहाटे परत फिरायची. मुंबईचं विमान आमच्या गावावरून जायचं. यांची पाळी असली की मी अंगणात उभी राहून आवाज ऐकायची. दिवा दिसला तर दिसला.

माझ्या सासूबाई, जयवंताबाई, फार मायाळू. पण त्यांची एक खोड होती. लेक निघाला की मागून हाक मारायच्या. वासू, टोपी घेतली का? वासू, पाणी पिऊन जाय! निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मारलीच, तर त्यानं थांबावं, घडीभर बसावं, मग निघावं.

आषाढात हे चिडले. पायरीवरूनच म्हणाले, "माय, माह्या नोकरीत हे बरं नाई. आता मागून हाक मारशील त मी घरी येणंच सोडून देईन."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतर त्यांनी कधी मागून हाक मारली नाही. पदर तोंडाशी धरून दारात उभ्या राहायच्या.

श्रावणात त्यांना लकवा झाला. वाचा गेली. महिनाभर एक शब्द नाही. कूससुद्धा मीच बदलून द्यायची. यांना रजा मिळेना. पत्र आलं, चार दिवसांनी येतो, तोवर मायले जपजो.

त्या पहाटे मी त्यांच्या खाटेशी बसले होते. कंदील बारीक केलेला. त्यांच्या घशाची घरघर तेवढी चालू होती.

त्या रात्री यांचीच पाळी होती. चारच्या सुमारास विमानाचा आवाज आला. लांबून, नागपूरकडून.

आणि इकडे घरघर थांबली...

मी वाकून बघितलं. डोळे उघडे. छपराच्या कवेलूंकडे लागलेले.

मग आभाळात दुसरा आवाज आला. रोज एकच विमान जायचं... त्या पहाटे दोन होती. दोन्ही आवाज एकमेकांकडे येत होते.

सासूबाई उठून बसल्या. कुणाचा आधार न घेता.

"वासू..."

आवाज खणखणीत.

"वासू, थांब!"

मला काय सुचावं? यांचं आषाढातलं बोलणं आठवलं. माणूस वर आभाळात, निघालेला, आणि ही मागून हाका मारते आहे. अपशकुन होईल, माझं कुंकू पुसलं जाईल, एवढंच डोक्यात.

तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं... आणि मी त्यावर हात दाबला.

ऊन ऊन श्वास तळहाताला लागला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. काकुळतीनं.

वरचे आवाज पांगले. एक वर्ध्याच्या बाजूला गेला, एक दक्षिणेला. मी हात काढला, त्यांना निजवलं. उजाडायच्या आत त्या गेल्या.

दीर रूपरावांनी अग्नी दिला. हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. हाकांचं मी कुणाला बोलले नव्हते. यांनी हातपाय न धुताच विचारलं, "माय कव्हा गेली?"

मी वेळ सांगितली. हे भिंतीला टेकून खाली बसले.

मग सांगू लागले. नागपूरहून उडून सात-आठ मिनिटं झालेली. ढगात काही दिसेना, विमान वर चढत होतं. आणि पाठीमागून हाक आली. यांना वाटलं, भास. पुन्हा आली, वासू, थांब. यांच्या हातानं आपोआप सुकाणू पुढे लोटलं, चढणं थांबलं. कॅप्टन ओरडला. तेवढ्यात डोक्यावरून दुसऱ्या विमानाचं पोट सरकलं. इतकं जवळून की त्यावरचे तेलाचे ओघळ दिसले. ते दक्षिणेचं विमान तिकडे कसं आलं, कुणाची चूक, ते मला आजही माहीत नाही. मागे पंचवीस माणसं झोपलेली होती. कॅप्टनला हाक ऐकूच आली नव्हती.

"मंग तिसरी हाक आली," हे म्हणाले. "पण अर्धीच. वा... एवढीच. माय काही बोलली का जाताना?"

मी पाण्याचा तांब्या यांच्यापुढे ठेवला.

"वाचाच गेलती त्यांची," मी म्हटलं. "काय बोलतील?"

हे रडले. लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "मीच तिले हाक मारू नको म्हटलं न. रागावली ती माह्यावर. म्हणून हाक अर्ध्यातच सोडून गेली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. दर श्राद्धाला पान वाढून हे हात जोडायचे, माय, माफ कर म्हणायचे, आणि मी शेजारी उभी.

थांब तर त्यांनी दुसऱ्या हाकेतच म्हटलं होतं, लेकरू वाचलं होतं. मग तिसऱ्यांदा का बोलावलं? मला वाटतं, ती हाक त्यांची स्वतःची होती. एकदा येऊन जा, तोंड दाखव, एवढंच असेल. पण नक्की काय, ते मला कुणी सांगणार नाही.

हे एकोणनव्वद साली गेले. शेवटच्या दुपारी शुद्धीवर होते. माझा हात धरून म्हणाले, "वर गेल्यावर माय बोलंल का गं माह्याशी?"

मी म्हटलं, बोलतील. त्याच हातानं तिसरी हाक दाबली होती, ते तेव्हाही नाही सांगितलं.